साताजवळची चीर

एक

बुधवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी मिनिटरावाने आपल्या दुकानाची पाटी उतरवली.

वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण स्टुलावरून खाली उतरताना तो स्वतःच पुटपुटला, "दहा वाजून चार." एकेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला अपमानसुद्धा मिनिटासकट लक्षात राहतो.

अपमान नऊ पन्नासला आला होता. दातांची डॉक्टरीण, दुकानाची सगळ्यांत जुनी गिऱ्हाईक, काउंटरवर एक पत्र ठेवून नुसतीच उभी राहिली होती. तिच्या वडिलांचं खिशातलं घड्याळ ती संग्रहालयाला भेट देणार होती. इंग्लंडात हाताने घडवलेलं, चांदीच्या डबीतलं, पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं. संग्रहालयाच्या पारख्याने ते उघडून पाहिलं आणि लिहिलं: डबीवरचा नंबर आणि आतल्या मशीनवरचा नंबर जुळत नाही. मशीन बदललेलं आहे. हे घड्याळ कोणाकोणाच्या हातात होतं ते कळवावे.

"काका, तुमच्याशिवाय हे कोणी उघडतच नाही," डॉक्टरीण म्हणाली होती. "मी काही म्हणत नाहीये. पण तुम्ही तरी काही म्हणा ना."

मिनिटरावाने पत्राची घडी घालून ते तिला परत दिलं. ती गेल्यावर त्याने स्टूल ओढलं.

आता तो पाटी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होता. "शनिवारी मालकांना दुकानाची चावी परत," तो बायकोला म्हणाला. "बरोबर पाच वाजता."

"आणि मग?"

"मग घरी बसेन."

बायकोच्या हातातला चहाचा थर्मास हातातच राहिला.

दोन

बायकोला अख्खं गाव सापडबाई म्हणायचं. रेल्वे स्टेशनवरच्या हरवलेल्या सामानाच्या ऑफिसात तिने अडतीस वर्षं काढली होती. छत्र्या, चष्मे, एकेकटे बूट, एकदा एक बासरी आणि एकदा झोपलेले आजोबा, हे सगळं तिने ज्याचं त्याला परत केलं होतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी लोक अजून दारात येऊन विचारायचे, "मावशी, चावी सापडत नाही हो."

नवऱ्याला ती तोंडाने अहो म्हणायची आणि मनात अरे. मनातला अरे जास्त प्रेमाचा होता, पण ते त्याला सांगून त्याला डोक्यावर बसवून घ्यायची तिची इच्छा नव्हती.

आणि तो घरी बसणार होता. रविवारी तो घरी असायचा तेवढ्याने काय होतं ते तिला माहीत होतं. मागच्या रविवारी तिने भाजी चिरली त्याची त्याने वेळ लावली होती. वर म्हणाला होता, "गेल्या रविवारपेक्षा दीड मिनिट जास्त."

पण खरी गोष्ट ती नव्हती. पाटी गुंडाळताना त्याचे हात थरथरत होते. हे हात केसापेक्षा बारीक स्क्रू उचलायचे. ते थरथरताना तिने आयुष्यात पाहिले नव्हते. या हातांना चोर म्हटलं गेलं होतं, आणि शनिवारी पाचपर्यंत ते कोणी खोडून काढलं नाही तर ते तसंच राहणार होतं.

ऑफिसात तिचा एक नियम होता. माणूस ओरडत आला की माझी छत्री चोरीला गेली, की ती आधी विचारायची, "तिच्या जागी दुसरी होती का?" बहुतेक वेळा असायची. कारण चोर छत्री नेतो, पण बदल्यात छत्री ठेवून जात नाही. जिथे एक चुकीची छत्री उरते, तिथे कुठेतरी दुसरा एक माणूस चुकीची छत्री घेऊन मजेत हिंडत असतो.

घड्याळात चुकीचं मशीन होतं. म्हणजे बरोबर मशीन कुठेतरी मजेत चालत होतं.

अडतीस वर्षांत तिने एकच नोंद उघडी ठेवली होती. ती रजिस्टरात नव्हती, डोक्यात होती. हरवलेली वस्तू: सव्वा तास. लग्नाच्या दिवशी नोंदणी कार्यालयात ती अकराला हजर होती, आणि नवरदेव सव्वाबाराला आला. म्हणाला, गाडी चुकली. ती त्या वेळीही स्टेशनवरच नोकरीला होती, हे तो घाईत विसरला असावा.

ते असो. तिने चप्पल घातली.

तीन

संग्रहालयाचा पारखी तरुण होता, हातात पांढरे सुती मोजे, आणि चेहऱ्यावर अशी काळजी की जणू घड्याळाला ताप आहे.

"मावशी, हात नका लावू."

"मी कुठे हात लावते. तूच उघड. मी बघते."

त्याने पुढची काच उघडली, सहाच्या आकड्याखाली नखाने एक खटका दाबला, आणि डायलसकट अख्खं मशीन बाराच्या बाजूच्या बिजागरीवर दारासारखं बाहेर आलं. वर पितळेचं झाकण होतं. ते सरकवल्यावर आतलं दिसलं, आणि सापडबाई क्षणभर कशाला आली होती तेच विसरली.

घड्याळजीची बायको असून तिने हे कधी नीट पाहिलं नव्हतं. धडधडणाऱ्या चक्रावर पितळेचा एक पूल होता, आणि त्यावर कोणीतरी हाताने पानं, वेली आणि एक हसरा चेहरा कोरला होता. तो फक्त घड्याळजीलाच दिसणार होता. बाजूला शंकूच्या आकाराची एक चकरी होती आणि तिच्यावर वीतभर लांबीची साखळी गुंडाळलेली. सायकलच्या साखळीची खापरपणती शोभावी इतकी बारीक.

"ही कशाला?"

पारख्याचा चेहरा उजळला. "स्प्रिंगला चावी दिल्या दिल्या ती जोरात ओढते. तेव्हा साखळी शंकूच्या बारीक टोकावर असते. दिवसभरात स्प्रिंग दमते. तसतशी साखळी जाड टोकाकडे येते, म्हणजे कमी जोरातही तेवढंच काम होतं. त्यामुळे घड्याळ सकाळी उड्या मारत नाही आणि संध्याकाळी रेंगाळत नाही."

"आमच्याकडे एक तसाच माणूस आहे," ती म्हणाली. "बरं, नंबर कितीने जुळत नाही?"

"जुळत नाही म्हणजे नाही, मावशी. कितीने हा प्रश्नच नाही."

"असं कसं. छत्री माझी नाही म्हटलं की मी विचारायची, काय वेगळं आहे? रंग, मूठ की नुसतीच काडी?"

त्याने भिंग लावलं. डबीवर ८४१६. मशीनवर ८४१७.

"एकाने," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने मोजा काढून डोकं खाजवलं.

चार

डॉक्टरणीचा भाचा. त्यानेच घड्याळ संग्रहालयात पोचवलं होतं. त्याआधी दोन दिवस ते त्याच्याकडे होतं. आणि मावशीने घड्याळ फुकट देऊन टाकावं हे त्याला पसंत नव्हतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"तुम्ही मला पकडायला आलात का?" त्याने दार उघडतानाच विचारलं.

"अजून ठरलं नाही. चहा दिलास तर पुढे ढकलीन."

चहा करता करता तो कबूल झाला. विकायचा विचार होता. मागच्या वर्षी मावशी दुकानात घड्याळ तेलपाण्याला द्यायला गेली तेव्हा तोही बरोबर होता, आणि मिनिटरावाने झाकण उघडलं तेव्हा त्याने मोबाईलवर गुपचूप फोटो काढला होता, किंमत विचारायला. फोटो अजून होता. तिने तो बोटांनी मोठा केला. हसरा चेहरा, वेली, आणि खाली स्पष्ट: ८४१७.

मागच्या वर्षीच. म्हणजे हे काही कालपरवाचं नव्हतं.

"मावशीला सांगू नका," तो म्हणाला.

"फोटो जपून ठेव. तूच सुटलास त्याने." मग दारातून वळून, "चहा चांगला करतोस. घड्याळापेक्षा तोच विक."

पाच

सोनाराकडे ती गुरुवारी गेली. या वसंतात डबीच्या झाकणाची बिजागरी त्याने बसवली होती. सोनार आणि मिनिटराव शाळेपासूनचे मित्र, आणि शाळेपासून एकमेकांना टोमणे मारत आलेले.

"वहिनी, डबी माझ्याकडे रिकामी आली होती," तो म्हणाला. "तुमचे हे मला मशीनच्या जवळ फिरकू देतील का? म्हणतात, तुझ्या हातात भट्टीची राख असते."

"दुसरं एखादं मशीन त्या डबीत बसेल?"

सोनार हसला. "मुळीच नाही. आताच्या घड्याळांसारखं नाही ते. आधी मशीन व्हायचं, मग त्या मशीनच्या मापाने डबीवाला चांदी ठोकायचा. चावीचं भोक, खटका, बिजागरी, सगळं त्या एका मशीनसाठी. दुसरं घातलं तर चावी भोकातच शिरणार नाही."

"पण या डबीत तर चावी गुपचूप शिरते."

"मग ते मशीन तिच्या सख्ख्या जुळ्याचं आहे. एकाच दिवशी, एकाच मापाने केलेल्या जोडीतलं." त्याने फुंकणी खाली ठेवली. आता तो हसत नव्हता. "पण वहिनी, एक गोष्ट सांगू का? डबी इकडेतिकडे फिरली. मशीन कायम एकाच माणसाच्या टेबलावर उघडलं गेलं."

सहा

(इंग्रजी घड्याळात सहाच्या जागी सेकंदांची छोटी तबकडी असते. सापडबाईकडे ऑफिसचे कोरे फॉर्म अजून उरले होते.)

हरवलेली वस्तू: मशीन, नंबर ८४१६.
वर्णन: पितळी, वेलबुट्टी, हसरा चेहरा. आवाज टिकटिक.
बदल्यात सापडलेली वस्तू: मशीन, नंबर ८४१७. वर्णन वरीलप्रमाणे.
शेवटचं कुठे पाहिलं: कोणाला आठवत नाही.
कोणावर संशय: (खोडलेलं) (पुन्हा लिहिलेलं) (पुन्हा खोडलेलं)
तक्रारदाराचं वस्तूशी नातं: वस्तूशी नाही. ज्याच्यावर आळ आहे त्याच्याशी.

सा | त

डॉक्टरीण दवाखान्याच्या खुर्चीत स्वतःच बसली होती. पेशंट नव्हते. तिचे डोळे सुजलेले दिसत होते.

"काकू, मला काकांना दुखवायचं नव्हतं. बाबांच्या पाठीमागे मला माणूस म्हणून तेच एक उरलेत."

"ते कळलं. मला एवढंच सांग, हे घड्याळ लहानपणी कसं दिसायचं?"

डॉक्टरीण आठवायला लागली आणि आठवता आठवता तिचा आवाज दहा वर्षांच्या मुलीचा झाला. बाबा जेवल्यावर घड्याळ तिच्या कानाला लावायचे. ती पांढऱ्या डायलवरचे रोमन आकडे बोटाने मोजायची. सातच्या आकड्याजवळ एक चीर होती, केसाएवढी, तिला ती नदीसारखी वाटायची. मग मोठे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, दुसऱ्या गावी राहायला गेले त्या सुमाराला बाबांनी घड्याळ दुरुस्तीला दिलं. परत आलं तेव्हा चीर गेली होती. "बाबा किती खूश झाले होते. सगळ्यांना सांगायचे, मिनिटरावाने डायलची चीर घालवली, काय हात आहे त्याचा."

सापडबाईने खुर्चीच्या दिव्याकडे पाहत विचारलं, "डायलवर ते पांढरं काय असतं गं?"

"एनॅमल."

"दातावर असतं तेच?"

"तसंच काहीसं. काचेसारखं, भट्टीत भाजलेलं."

"दाताच्या एनॅमलला चीर गेली की ती

बुजते?"

पेशंटना डॉक्टरीण हे दिवसातून चार वेळा सांगायची.

"नाही," ती म्हणाली. "कधीच नाही."

"मोठ्या काकांकडे घड्याळ होतं?"

"होतं की. आजोबांनी जोडी घेतली होती, दोघा मुलांना एक एक."

आठ

आता तिला सगळं माहीत होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

दोन भाऊ, दोन जुळी घड्याळं, आणि एकाच वेळी दोन्ही मिनिटरावाच्या टेबलावर. मशीन बाहेर काढून साफ केलं, परत बसवताना याचं त्यात आणि त्याचं यात. चोरी नाही, निव्वळ चूक. पण चोरीचा आळ त्याने कसाबसा गिळला असता. चुकीचा नाही. घड्याळात त्याची चूक निघाली असं आजवर एकाही माणसाने म्हटलं नव्हतं, आणि त्याची पहिली वेळ बायकोवर येत होती.

शिवाय हे सिद्ध करायला डायल उचलावी लागणार होती. प्रत्येक जुना घड्याळजी साफसफाई केली की डायलखाली आणि डबीच्या झाकणात आपली बारीक खूण कोरतो. नाजूक एनॅमलची डायल उचलायला पारखी तयार नव्हता. गावात ते एकच माणूस करू शकत होता.

शनिवारी तीन वाजता ती दुकानात गेली. भिंती अर्ध्या रिकाम्या झाल्या होत्या. फक्त टेबलावरची छोटी पाटी अजून होती, त्याच्या वळणदार अक्षरात: एका वेळी एकच घड्याळ.

"ही पाटी कधी लावलीत हो?"

"बरीच वर्षं झाली."

"त्याआधी दोन एकदम उघडायचात?"

मिनिटरावाने चिमटा पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता. "मी दोन घड्याळं एकदम उघडत नाही," तो म्हणाला. उघडली नाहीत, असं म्हणाला नाही, हे तिने टिपलं.

"ते डॉक्टरणीचं घड्याळ पारखी इथे घेऊन येतोय. ती पण येतेय. डायल उचलायचीय."

"मी चोर आहे ना? चोराच्या हातात कशाला देता?"

"चावी द्यायला अजून दोन तास आहेत. तोवर तुम्ही घड्याळजी आहात. त्यानंतर काय व्हायचं ते व्हा."

तो गुरगुरला. पण भिंग डोळ्याला लावलं.

नऊ

डायल तीन बारीक पिनांवर होती. एक, दोन, तीन. त्याचे हात थरथरत नव्हते. काम समोर आल्यावर ते विसरले होते. त्याने डायल कागदावर ठेवली, तेव्हा पारख्याने रोखून धरलेला श्वास सोडला.

आता वाचायचं काम पारख्याचं. ते सगळ्यांनी मान्य केलं होतं, आरोपीने स्वतः वाचू नये.

"डबीच्या झाकणात सगळ्यांत आधी एक चांदणी कोरलेली आहे," पारखी म्हणाला. "कोणी जुना कारागीर. त्याखाली काकांच्या तारखा, अकरा. आता मशीनवर, डायलखाली." तो वाकला. "इथे चांदणी नाही. इथे सगळ्यांत आधी मासा आहे. त्याखाली काकांच्या तारखा. त्या मात्र अकराच्या अकरा डबीशी जुळतात."

डॉक्टरीण पुढे सरकली. "म्हणजे?"

"म्हणजे काकांच्या आधी ही डबी आणि हे मशीन वेगवेगळ्या घड्याळांत होती. आणि काकांच्या पहिल्या तारखेपासून एकत्र आहेत."

दुकानात भिंतीवर उरलेली तीन घड्याळं टिकटिकत होती. मिनिटरावाने भिंग काढलं. त्याचा चेहरा त्या डायलसारखा झाला होता.

"माझ्याच टेबलावर," तो हळूच म्हणाला. "इतकी वर्षं उघडतोय. नंबर दिसत नव्हता असं नाही. पण नंबर अनोळखी घड्याळाचा बघतात. ओळखीच्या माणसाकडे ओळखपत्र कोण मागतं?"

"पहिली तारीख काय आहे रे?" सापडबाईने विचारलं.

पारख्याने वाचली. नऊ फेब्रुवारी, आणि साल.

सापडबाई स्टुलावर बसली. आधी तिचे खांदे हलायला लागले. डॉक्टरणीला वाटलं काकू रडतायत, म्हणून ती पाणी आणायला धावली. पण काकू हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पोट धरून, आणि त्यांना थांबताच येत नव्हतं.

नऊ फेब्रुवारी. त्या दिवशी तिचं लग्न झालं होतं.

दहा

"सांगा," ती म्हणाली. "आता गाडी चुकली म्हणालात तर बघा."

मिनिटराव कानापर्यंत लाल झाला.

"दुकान उघडून चारच महिने झाले होते. दोघे भाऊ आदल्या आठवड्यात आले होते. थोरले त्या दुपारीच गाव सोडून जाणार होते, साडेबाराच्या गाडीने. मी शब्द दिला होता की नऊ तारखेला सकाळी दोन्ही घड्याळं तयार. मला कुठे माहीत होतं की नोंदणी कार्यालय आपल्याला नेमकी तीच तारीख देईल."

"मग एक करायचं, एक ठेवायचं."

"दोघा भावांत तसं कसं करणार? पहाटे बसलो. एकेक करत राहिलो तर दुपार होईल असं दिसलं, म्हणून दोन्ही एकदम उघडली. अकरा वाजायला आले. तू तिथे उभी असशील, असं एकसारखं डोळ्यांसमोर येत होतं. हात थरथरायला लागले. कामाला बसल्यावर माझे हात तेवढ्या एकदाच थरथरले. दोनदा स्क्रू पडला. तारखा कोरल्या, मशीनं डबीत घातली, पिना ठोकल्या, दोघांना दिली आणि पळत सुटलो." त्याने छोट्या पाटीकडे पाहिलं. "वाटलं, थोडक्यात वाचलो, काही चुकलं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी ही पाटी लावली."

"आणि मला थाप मारलीत."

"लग्नाच्या दिवशी बायकोला काय सांगणार, दुसऱ्यांची घड्याळं करत बसलो होतो म्हणून? कायम ऐकवलं असतंस."

"त्या सकाळी तीन गाड्या होत्या, तिन्ही वेळेवर. माझं ऑफिस पहिल्या फलाटावर होतं."

मिनिटराव बघतच राहिला. "तुला माहीत होतं? मग विचारलं का नाहीस?"

तिने पदराने डोळे पुसले. डॉक्टरीण आणि पारखी एकदम भिंतीवरच्या घड्याळांकडे बघायला लागले.

"विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंत," ती म्हणाली. "मला वाटत होतं, तुम्ही कुठेतरी बाकावर बसून विचार करत होतात. हो म्हणावं की पळून जावं. सव्वा तास विचार करून मग आलात. आलात ना शेवटी, असं म्हणून मी ते मिटवून टाकलं होतं."

"विचार?" मिनिटरावाला खरंच कळेना. "विचार करायला वेळ कुठे होता?"

अकरा

फोन कोणी करायचा यावरून डॉक्टरीण आणि तिचा चुलत भाऊ, मोठ्या काकांचा मुलगा, नऊ वर्षं बोलले नव्हते. म्हणजे भांडण दुसरं काही नव्हतं, एवढंच. तू आधी केला असतास, तू आधी केला असतास. आता डॉक्टरणीने नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"दादा, मी बोलतेय."

"तू केलास," दादा म्हणाला. "सगळ्यांना सांगणार आहे मी."

"सांग. आधी मोठ्या काकांचं घड्याळ काढ. मागचं झाकण उघड. आत काय कोरलंय?"

खुडबूड, कपाट, बायकोशी थोडी बोलाचाली. मग, "एक मासा आहे. आणि ८४१७. का गं?"

पारख्याने टेबलावर हात आपटला आणि लगेच घड्याळाची माफी मागितल्यासारखा मागे घेतला.

"डायलवर सातच्या आकड्याजवळ काही आहे का?" सापडबाईने विचारलं.

"चीर आहे की. जुनीच. तो तुमचा घड्याळजी नव्हता का, मिनिटराव, त्याने पाडली. बाबा म्हणायचे, पोराचं त्या दिवशी लग्न होतं, जाऊ दे, बोलू नका त्याला कोणी."

मिनिटरावाने कपाळाला हात लावला. एका भावाने त्याला न केलेल्या दुरुस्तीबद्दल जन्मभर डोक्यावर घेतलं होतं, आणि दुसऱ्याने त्याला न केलेल्या नुकसानीबद्दल जन्मभर माफ केलं होतं.

"दादा, तू किती लांब आहेस?"

"चाळीस मिनिटं. गाडी काढतो. चहा ठेवा."

बारा

दादा चाळीस मिनिटांत आला नाही, पंचेचाळीस लागली. मिनिटरावाने ते बोलून दाखवलं, म्हणून सापडबाईला कळलं की माणूस ताळ्यावर आला आहे.

भावंडं आधी एकमेकांच्या पाठीवर थापा मारत राहिली. मग दोन्ही घड्याळं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली गेली. पारख्याने जुनं पत्र फाडलं आणि नवीन लिहायला घेतलं. डॉक्टरीण म्हणाली, एकटं घड्याळ आता संग्रहालयात जायचं नाही, जायची तर जोडी. दादा म्हणाला, बघू, फोन करून कळवतो. त्यावर दोघंही हसली.

"आता ज्याचं मशीन त्याच्या डबीत," मिनिटराव म्हणाला आणि दोन्ही डब्या स्वतःकडे ओढल्या.

सापडबाईने त्यातली एक उचलून घेतली.

"आधी पाटी वाचा," ती म्हणाली.

"अगं, यात तर दोन्ही उघडायलाच लागतात. अदलाबदल आहे ही."

"मग उघडा. पण टेबलावर एकच. दुसरं माझ्या हातात राहील. मागाल तेव्हा देईन."

तसंच झालं. तो पिना काढत गेला, ती त्याच्या शेजारी स्टुलावर ओंजळीत घड्याळ धरून बसली. ते धडधडत होतं, एखाद्या पाखरासारखं. मशीन बाहेर आलं, हसरा चेहरा वर आला, ती त्याला पाहून हसली. तो हळूहळू काम करत होता. त्याला कुठेही जायची घाई नव्हती.

पाच वाजले. कोणाच्या लक्षात आलं नाही. साडेपाचला सोनार डोकावला, राख लागलेले हात मागे बांधून उभा राहिला आणि एकदाही टोमणा मारला नाही. शेवटची पिन बसली, डायलची चीर आपल्या घरी गेली, डॉक्टरणीने घड्याळ कानाला लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

तेवढ्यात दारात दुकानाचे मालक उभे राहिले. कपाळावर आठ्या, हात पुढे केलेला.

"मी पाचपासून वाट बघतोय," ते म्हणाले. "चावी बरोबर पाचला देणार होते ना हे? सव्वासहा वाजले."

मिनिटरावाने भिंतीवर पाहिलं. खरंच सव्वासहा. त्याने तोंड उघडलं, पण सापडबाईने वर्तमानपत्र सोडवून मोठी पाटी आधीच त्याच्या हातात दिली होती आणि स्टूल दाराकडे सरकवलं होतं.

"माफ करा हं," ती मालकांना म्हणाली. "यांची गाडी चुकली."